स्कॅलप काठासाठी विरघळणारा पेपर: कोणता घ्यावा

भरतकामाच्या मशीनवर ओढणीला कंगोरेदार (स्कॅलप) काठ काढताना प्रत्येक टाका अर्धा कापडावर आणि अर्धा कापडाबाहेर पडतो. त्या बाहेरच्या टाक्याला आधार देतो पाण्यात विरघळणारा पेपर. बाजारात तो दोन प्रकारचा मिळतो: प्लास्टिकसारखी पारदर्शक फिल्म, आणि पांढरा, तंतूंचा, कापडासारखा. काठासाठी कापडासारखाच घ्या, तोही दुहेरी.

साटिन टाक्यात, म्हणजे काठ भरून काढणाऱ्या दाट आडव्या टाक्यात, सुई दर 0.4 मिमीला भोक पाडते. 20 मायक्रॉनची फिल्म त्या रेषेवर पोस्टाच्या तिकिटासारखी फाटते आणि कंगोरा रिंगमध्येच सुटतो. ही फिल्म टॉवेल किंवा वेलवेटवर वरून पसरायला उत्तम, काठाला मुळीच नाही. 80 मायक्रॉनची टिकते, पण कोरड्या हवेत कडक होऊन तडकते.

रिंगमध्ये फक्त पेपर ताणून बसवा. कापडही ताणलं तर रिंग सोडताच चुण्या पडतात, कारण कंगोऱ्याची वळणं तिरप्या धाग्यावरून जातात. आधी पेपरवर खुणेची रेषा, तिच्यावर कापड टेकवून साधी शिवण. मग पेपर न सोडता रिंग मशीनवरून उतरवून शिवणीबाहेरचं कापड बाकदार कातरीने 1 मिमीवर कापा. जास्त राहिलं तर साटिनमधून तंतू डोकावतात. शिवणच कापली गेली तर धुण्यात काठ निसटतो. साटिनची रुंदी 3.5 ते 4 मिमी, खाली झिगझॅगचा थर हवाच. 40 नंबरचा धागा, 75/11 सुई, वेग मिनिटाला 600 टाक्यांच्या आत. ओढणीची उलटी बाजूही दिसते, म्हणून बॉबिनमध्ये वरच्याच रंगाचा धागा भरा.

कंगोरे आधी मोजून घ्या. बाजू 247 सेमी आणि कंगोरा 5 सेमीचा असेल, तर शेवटी 2 सेमी उरतात आणि कोपरा बिघडतो. डिझाइन 5.04 सेमी केलं की 49 कंगोरे बरोबर बसतात.

उरलेला पेपर कातरून मगच कोमट पाण्यात बुडवा, दोनदा पाणी बदला. काठ वाळल्यावर ताठ लागला तर विरघळलेल्या पेपरची खळ राहिली आहे. पुन्हा बुडवा, पिळू नका. कच्च्या रंगाच्या कापडाची चिंधी आधी भिजवून पाहा. पैठणीसारख्या रेशमी, जरीच्या कापडाला हा पेपर वापरूच नये, कारण पाण्यात घातल्याशिवाय तो निघत नाही.

पावसाळ्यात उघडा राहिलेला पेपर ओल धरून लिबलिबीत होतो आणि रिंगमध्ये ताण धरत नाही. झिपच्या पिशवीत हवा काढूनच ठेवा.