उणे २० अंशांतल्या कॅम्परसाठी कोणती लिथियम बॅटरी घ्यावी?

कॅनडातल्या कॅल्गरीहून हिवाळ्यात बॅन्फच्या बाजूला कॅम्पर, म्हणजे राहण्याची सोय असलेली गाडी, घेऊन जाणाऱ्यांसाठी उणे २० अंश सेल्सिअसची रात्र ही काही नवलाची गोष्ट नाही. अशा रात्री हीटरचा पंखा, पाण्याचा पंप आणि दिवे एकाच बारा व्होल्टच्या बॅटरीवर चालतात, आणि तिने मध्यरात्री मान टाकली तर प्रश्न केवळ गैरसोयीचा राहत नाही. म्हणून व्हिक्ट्रॉनची स्मार्ट मालिका, बॅटल बॉर्न आणि रेलिऑनची एलटी मालिका या तीन लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटऱ्यांचा विचार मी येथे फक्त थंडीच्या कसोटीवर केला आहे. या परीक्षणाला कंपन्यांच्या तांत्रिक माहितीपत्रकांचा आणि आमच्या व्हॅनमधील, स्वतःला गरम ठेवणारा हीटर आत नसलेल्या लिथियम बॅटरीच्या अनुभवाचा आधार आहे.

दुकानात सर्वांत जास्त गफलत होते ती ‘उणे २० अंशांपर्यंत चालते’ या वाक्याने. हा आकडा जवळजवळ नेहमी बॅटरीतून वीज घेण्याचा असतो, बॅटरी चार्ज करण्याचा नसतो. वीज काढून घेताना थंडीमुळे बॅटरीची ताकद कमी होते, पण तिला कायमची इजा होत नाही. चार्जिंगचे तसे नाही. शून्याखालच्या तापमानात लिथियमचे आयन (विद्युतभारित कण) बॅटरीतल्या ऋण टोकाच्या ग्रॅफाइटच्या थरांत पुरेशा वेगाने शिरू शकत नाहीत आणि त्याच्या पृष्ठभागावर धातूच्या रूपात साचू लागतात. असे साचलेले लिथियम बहुतांशी परत कामाला येत नाही, क्षमता कायमची घटते, आणि साठा वाढत गेला तर आतल्या आत शॉर्ट सर्किट होण्याचा धोका उत्पन्न होतो. हे नुकसान होत असताना बाहेरून काहीही दिसत नाही, हे मला यातले सर्वांत गंभीर वाटते.

व्हिक्ट्रॉनच्या माहितीपत्रकाचे मला मनापासून कौतुक वाटते, कारण त्यात हे दोन आकडे वेगवेगळे आणि स्पष्ट छापलेले आहेत: वीज घेण्यासाठी उणे २० ते ५० अंश, चार्जिंगसाठी मात्र अधिक ५ ते ५० अंश. शिवाय १०० अँपिअर-तासांची बॅटरी शून्य अंशाला ८० आणि उणे २० अंशांना ५० अँपिअर-तासच देईल, हेही तिथे लिहिलेले आहे. हिवाळ्याचा हिशोब मांडणाऱ्याला याच आकड्यांची गरज असते आणि अनेक स्वस्त बॅटऱ्यांच्या खोक्यांवर नेमके तेच नसतात. या मालिकेत बीएमएस, म्हणजे बॅटरीवर पहारा ठेवणारे सर्किट, वेगळे विकत घेऊन बसवावे लागते, त्यामुळे खर्च आणि वायरिंग दोन्ही वाढतात. ज्याला स्वतः वायरिंग करायचे नाही त्याला मी ही बॅटरी सुचवणार नाही.

बॅटल बॉर्नमध्ये बीएमएस आतच असते आणि पेशींचे, म्हणजे आतल्या सेलचे, तापमान गोठणबिंदूच्या किंचित खाली गेले की ते चार्जिंग आपोआप तोडते. त्यांच्या हीटर असलेल्या मॉडेलमध्ये हीटर सुरू करण्यासाठी वेगळी वायर दिलेली असते. तिला बटण जोडले की हीटर कधी चालवायचा हे मालकाच्या हातात राहते. ही सोय उपयोगाची आहे, पण ते बटण चालू ठेवून कॅम्पर आठवडाभर उभा केला तर हीटर बॅटरीचीच वीज खाईल, हे विसरता कामा नये. रेलिऑनच्या एलटी मालिकेची पद्धत निराळी आहे: हीटर चार्जरकडून येणाऱ्या विजेवर चालतो, पेशी उबदार झाल्या की मगच चार्जिंग सुरू होते, आणि त्यामुळे उणे २० अंशांतही साधा चार्जर जोडता येतो.

आता हीटरची बॅटरी घ्यावी का, हा खरा प्रश्न. सुमारे १२ किलो वजनाच्या बॅटरीचे तापमान उणे २० वरून अधिक ५ अंशांवर आणायला, उष्णतेची गळती अजिबात धरली नाही तरी, ढोबळ हिशोबाने ८० ते ९० वॉट-तास लागतात. म्हणजे ५० वॉटचा हीटर दीड-दोन तास सलग चालला पाहिजे. कॅम्पिंगच्या जागेवर (साइटवर) विजेची जोडणी असेल किंवा गाडी धावत असेल, तर हे सहज जमते. सोलर पॅनलवर भिस्त ठेवणाऱ्याचे मात्र कठीण आहे. डिसेंबरमध्ये कॅल्गरीत दिवस जेमतेम आठ तासांचा असतो, सूर्य क्षितिजालगतच फिरतो आणि पॅनलवर बर्फ बसलेला असतो. छोट्या पॅनलमधून येणारे २०-३० वॉट हीटरच गिळतो, बॅटरी जेमतेम काही अंश तापते आणि संध्याकाळ होते. अशा कॅम्परमध्ये जास्त पैसे मोजून घेतलेला हीटर दिवसभर चालूनही चार्जिंग जवळपास शून्यच राहते.

माझे स्पष्ट मत असे आहे की कोणत्या कंपनीची बॅटरी घ्यायची हे ठरवण्याआधी ती कुठे ठेवायची हे ठरवावे. साध्या लेड-अ‍ॅसिड बॅटरीतून चार्जिंगच्या वेळी हायड्रोजन बाहेर पडतो, म्हणून ट्रेलरमध्ये ती बाहेर, पुढच्या दांडीवरच्या खोक्यात ठेवण्याची पद्धत पडली. लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी नेहमीच्या वापरात वायू सोडत नाही, त्यामुळे ती बाकाखाली किंवा पलंगाखाली, माणसे राहतात त्याच उबेत ठेवता येते. आमच्या व्हॅनमध्ये ती बाकाखाली आहे, तळाशी फोमचा जाड तुकडा आहे आणि बाकाला हवा खेळती राहील अशी भोके आहेत. व्हॅनचा हीटर चालू असेपर्यंत बॅटरीचे तापमान चार्जिंगच्या मर्यादेखाली जात नाही. जी बॅटरी आत ठेवता येते तिला कमी तापमानात चार्जिंग तोडणारे बीएमएस पुरेसे आहे, स्वतंत्र हीटरची गरज नाही. ट्रेलरची रचनाच अशी असेल की बॅटरी बाहेर ठेवण्यावाचून गत्यंतर नाही, तर मात्र हीटर असलेलीच घ्यावी, आणि साइटवरच्या विजेवर चार्ज करणाऱ्यांना मी त्यातही रेलिऑनची पद्धत सुचवीन, कारण तिला बटणाची आठवण ठेवावी लागत नाही.

गाडीच्या अल्टरनेटरवर, म्हणजे इंजिनावर चालणाऱ्या जनित्रावर, चार्ज करणार असाल तर मध्ये डीसी-डीसी चार्जर, म्हणजे बॅटरीकडे जाणारा व्होल्टेज आणि करंट आवरणारे उपकरण, हवाच. थंडीमुळे बीएमएसने चार्जिंग अचानक तोडले तर व्होल्टेज एकदम उसळून अल्टरनेटरचे डायोड जळू शकतात, आणि लिथियम बॅटरी इतका करंट ओढते की अल्टरनेटर तापतो. सोलर कंट्रोलरही (पॅनलची वीज बॅटरीला देणारे यंत्र) शक्यतो बॅटरीचे तापमान समजणारा घ्यावा, म्हणजे चार्जिंग थांबवण्याची जबाबदारी एकट्या बीएमएसवर पडत नाही.

स्वस्त बॅटरी आधीच घेतली असेल, तर पहिल्या मोठ्या थंडीत ती रात्रभर गॅरेजबाहेर ठेवून सकाळी चार्जर जोडावा आणि क्लॅम्प मीटरने (वायरला बाहेरून चिमटा लावून करंट मोजणाऱ्या मीटरने) करंट पाहावा. बॅटरी आधीच पूर्ण भरलेली नसताना तो काही सेकंदांत शून्यावर आला तर संरक्षण खरोखर काम करते. करंट वाहत राहिला आणि बॅटरीत हीटर नसेल, तर चार्जर तत्काळ काढावा, बॅटरी परत करावी आणि दुकानदाराशी या एकाच मुद्द्यावर बोलावे.