कॅलरी मोजायच्या तर आधी काटा: पाच किलोचा डिजिटल किचन काटा

कॅलरी मोजणं बहुतेकांचं सुटतं ते वाटी-चमच्याच्या अंदाजापायी. एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा हा साधा काटा त्यावर खरंच उपयोगी आहे.

तेलासाठी तर याला तोड नाही. तेलाची बाटली काट्यावर ठेवा, ‘टेअर’ दाबून शून्य करा, फोडणीला तेल घाला, बाटली परत ठेवा. उणे 14 दिसलं, तर 14 ग्रॅम तेल गेलं, म्हणजे सुमारे 125 कॅलरी.

भाजीसाठी रिकाम्या कढईचं वजन एकदाच लिहून ठेवा आणि शिजल्यावर वजा करा. तांदूळ मात्र कच्चाच मोजा: 100 ग्रॅम तांदळात सुमारे 350 कॅलरी, तेवढ्याच भातात 130 च्या आसपास. इथे गल्लत झाली की सगळा हिशेब कोलमडतो.

खोडी दोन. साखर चिमूट-चिमूट टाकली तर आकडा हलत नाही, कारण असे काटे बारीक बदल शून्यातच धरतात. वेगळ्या वाटीत घेऊन एकदम ठेवावी. आणि दोनेक मिनिटांत काटा आपोआप बंद होऊन टेअर पुसलं जातं. कणीक भिजवताना हे फार जाचतं, म्हणून परातीचं वजनही लिहून ठेवलेलं बरं.