'थाउजंड लेक्स' की 'एलेजी': अमॉर्फिस ऐकायला कुठून सुरुवात करावी?

फिनलंडमधल्या हेलसिंकीच्या अमॉर्फिस या मेटल बँडबद्दल कुणालाही विचारा, जाणकार मंडळी लगेच १९९४चा 'टेल्स फ्रॉम द थाउजंड लेक्स' पुढे करतात. अल्बम थोर आहे, वाद नाही. पण ज्याच्या कानाला डेथ मेटलची, म्हणजे जड गिटार आणि गुरगुरत्या गळ्याच्या संगीताची, सवय नाही, त्याला आधी तोच देणं म्हणजे पोहायला शिकवायचं म्हणून थेट विहिरीत ढकलणं. काही शिकतात. बाकीचे पुन्हा पाण्याकडे फिरकत नाहीत. मी नवख्याला १९९६चा 'एलेजी' देतो.

दोन्हींत अंतर दोनच वर्षांचं, पण बँड बराच बदललेला. 'थाउजंड लेक्स' स्टॉकहोमच्या सनलाइट स्टुडिओत रेकॉर्ड झाला. तिथला तो करवतीसारखा खरखरीत, खालच्या पट्टीतला गिटारचा आवाज अल्बमभर आहे. त्यावर रिदम गिटार वाजवणाऱ्या टोमी कोइवुसारीचं ग्रोलिंग, म्हणजे घशातून गुरगुरत गाणं. (आमच्याकडे हे पहिल्यांदा स्पीकरवर लागलं तेव्हा स्वयंपाकघरातून प्रश्न आला होता, "मोरी तुंबलीय का?") स्वच्छ गळ्याचं गाणं मोजक्याच ठिकाणी, तेही पाहुण्या गायकाचं. मात्र या चिखलातून एसा होलोपाइनेनच्या गिटारच्या धून आणि कॅस्पर मोर्टेन्सनचा कीबोर्ड वर येतात, तेव्हा अंगावर काटा येतो. 'ब्लॅक विंटर डे' ऐकाच. त्याचे शब्द 'कालेवाला' या फिनिश महाकाव्यातले, सासरी निघालेल्या मुलीच्या तोंडचे: सुखी माणसाचं मन वसंतातल्या पहाटेसारखं, आणि माझं? हिवाळ्यातल्या काळ्या दिवसासारखं. पाठवणीचं गाणं, आणि ते गुरगुरत म्हटलेलं! कागदावर हास्यास्पद वाटतं, कानाला अजिबात नाही.

'एलेजी'मध्ये पासी कोस्किनेन हा नवा गायक येतो आणि तो चक्क गातो. ग्रोलिंग आहेच, पण आता दोन गळे आळीपाळीने येतात, त्यामुळे कानाला विसावा मिळतो. पहिल्याच 'बेटर अनबॉर्न'च्या सुरुवातीला सतारीची आठवण करून देणारा सूर लागतो. पुढे सत्तरच्या दशकातल्या रॉकचा ऑर्गन, लोकगीतांच्या चाली, आणि 'केअर्स'मध्ये तर मध्येच टेक्नो घुसतं. तो तुकडा मला आजही पटलेला नाही. बाकीची मिसळ मात्र झकास जमली आहे.

शब्दांतही फरक आहे. 'थाउजंड लेक्स'चा आधार 'कालेवाला', आणि ती वीरांची, जादूची, सृष्टीच्या उत्पत्तीची. ती जमवणाऱ्या एलियास ल्योनरोतनेच १८४०मध्ये 'कांतेलेतार' हा लोकगीतांचा संग्रह काढला, आणि 'एलेजी' त्यावर उभा आहे. अनाथ पोर, गरिबी, काठावर रडणारी बाई, असे विषय. जात्यावरच्या ओव्या ज्यांनी ऐकल्यात त्यांना हा सूर परका वाटणार नाही. 'माय कांतेले' हे त्यातलं सर्वांत सुंदर. 'कालेवाला' सांगते की कांतेले हे तंतुवाद्य माशाच्या जबड्याचं बनवलं. हे गीत म्हणतं, खोटं आहे ते, वाद्य दुःखाचंच घडवलंय, तारा यातनांच्या आहेत.

वेळेचा हिशोब: 'थाउजंड लेक्स' साधारण ४० मिनिटांचा, घट्ट, एका दमात संपणारा. 'एलेजी' ५०च्या आसपास आणि मधे थोडा रेंगाळतो. तुम्ही आधीच डेथ मेटल ऐकत असाल, तर माझं काही ऐकू नका, थेट १९९४ गाठा. ग्रोलिंग मुळीच सहन होत नसेल, तर 'एलेजी'ही जड जाईल. टोमी योउत्सेन गायक झाल्यानंतरच्या काळातला २००९चा 'स्कायफोर्जर' बघा. त्यात ग्रोलिंग चवीपुरतंच आहे.

'एलेजी' लावलात, तर आधी शेवटचा ट्रॅक ऐका. 'माय कांतेले'च तिथे पुन्हा येतं, पण अकूस्टिक, गुरगुर नाही. घरात कुणी झोपलं असलं तरी चालेल.