गोटू, डेव्हएम की __फ्री? लिनक्स कर्नलमधला एरर पाथचा लीक कशाने बुजवायचा

पवई-ऐरोलीकडे ड्रायव्हरचं काम करणारी नवीन पोरं हल्ली हेच विचारतात, की एरर पाथमध्ये (काही फसल्यावर बाहेर पडायच्या वाटेवर) लीक झाला, म्हणजे घेतलेली मेमरी परत दिलीच नाही, तर तो तिघांपैकी कशाने बुजवायचा, म्हणून एकदाच लिहून टाकतो.

लीक बहुतेक वेळा असा होतो: प्रोबमध्ये (डिव्हाइस सापडल्यावर चालणारं ड्रायव्हरचं फंक्शन) आधी केझालॉकने मेमरी घेतली, मग क्लॉक चालू, मग आयआरक्यू (इंटरप्ट), आणि मध्येच कोणीतरी नंतर एक चेक टाकतो आणि सरळ रिटर्न मारतो, झालं, वरची मेमरी लटकली आणि क्लॉकही चालूच.

गोटू, म्हणजे काही फसलं की थेट खालच्या सफाईच्या लेबलवर उडी, ही जुनी पद्धत, कर्नलच्या कोडिंग स्टाइलमध्येच दिलेली. लेबलं उलट्या क्रमाने लावायची, विरार लोकलमध्ये शेवटी घुसलेला दारात असतो आणि तोच आधी उतरतो तसं. वाचायला कंटाळवाणं आहे हे खरं, पण फिक्स जुन्या स्टेबल कर्नलमध्ये (फक्त दुरुस्त्या मिळणाऱ्या जुन्या आवृत्त्या) न्यायचा असेल तर माझं मत डोळे झाकून गोटूला, कारण दोन ओळींचा पॅच कुठेही बसतो. फिक्सेस टॅग (चूक कोणत्या जुन्या कमिटने आणली ते सांगणारी ओळ) विसरू नका.

डेव्हएम, म्हणजे डिव्हाइसला बांधून घेतलेली मेमरी वगैरे, २००७ पासून आहे. प्रोब फसला किंवा ड्रायव्हर सुटला की सगळं आपोआप मोकळं होतं, एरर पाथ लिहायचाच नाही, म्हणून लोक याच्या प्रेमात पडतात आणि मग आयॉक्टलमध्ये (युजर प्रोग्राम वारंवार करतो तो कॉल) पण डेव्हएम_केझालॉक टाकतात! तिथे प्रत्येक कॉलला मेमरी वाढत जाते, ड्रायव्हर सुटेपर्यंत परत येत नाही, आणि डिव्हाइसच्या लिस्टमध्ये पॉइंटर असल्यामुळे केमेमलीकला (कर्नलचं लीक शोधायचं टूल) तो लीक वाटतच नाही. दुसरा घोळ म्हणजे युजरने फाइल उघडी ठेवलीय आणि डिव्हाइस काढलं, की यूज-आफ्टर-फ्री (मोकळी केलेली मेमरी पुन्हा वापरणं), म्हणजे लीकपेक्षा वाईट. त्यामुळे डेव्हएम फक्त प्रोबपुरतं.

__फ्री (ब्लॉक संपताच पॉइंटरची मेमरी आपोआप सोडणारं) आणि गार्ड (तसंच लॉक सोडणारं) २०२३ मध्ये कर्नल ६.५ ला आले. नवीन फंक्शन लिहिताय तर हेच घ्या. फक्त पॉइंटर जिथे मेमरी घेता तिथेच डिक्लेअर करा, वरती NULL (रिकामा) करून ठेवू नका, कारण सफाई डिक्लेरेशनच्या उलट क्रमाने होते आणि खाली गार्ड असेल तर लॉक आधी सुटतो, मेमरी नंतर जाते. आणि यशस्वी झाल्यावर रिटर्न_पीटीआर (आपोआप सफाई टाळून पॉइंटर परत देणारं) नाही वापरलं तर कॉलरच्या हातात मोकळी केलेली मेमरी. एकाच फंक्शनमध्ये गोटू आणि __फ्री मिसळू नका, हे कर्नलच्या डॉक्युमेंटेशनमध्येही आहे.

एक केस मात्र तिन्हीत बसत नाही. डिव्हाइस_इनिशिअलाइज झाल्यावर पुढे काही फसलं तर केफ्रीने थेट मेमरी सोडायची नाही, पुट_डिव्हाइसने आपला रेफरन्स सोडायचा, नाहीतर डिव्हाइसचं नाव लीक होतं.

काहीही निवडा, तपासायला केमेमलीकच्या भरवशावर राहू नका, एरर पाथ चाललाच नाही तर ते काय पकडणार. फेलस्लॅब (मेमरी मागणी मुद्दाम फसवणारी कर्नलची सोय) चालू करून फेल-एन्थ फाइलमध्ये (कितवी मागणी फसवायची ते) १, २, ३ असे आकडे टाकत जा, दर वेळी पुढचं अ‍ॅलोकेशन फसतं, आणि मग केमेमलीकला स्कॅन सांगा.