उंच रॅक, बैठं कपाट की एकावर एक थर: ग्वाल्हेरच्या घरात हाय-फाय कसं मांडावं

भाच्याने नव्या फ्लॅटच्या बैठकीचं माप पाठवलं आहे. मोकळी भिंत एकच, सात फुटांची. सामान म्हणजे जुना पण धडधाकट ॲम्प्लिफायर (सिग्नल वाढवून स्पीकरला देणारा डबा), सीडी प्लेअर, टर्नटेबल (रेकॉर्ड वाजवायचं यंत्र) आणि आजोबांकडून आलेल्या दोनशेच्या आसपास एलपी रेकॉर्ड. चार खणांचा उंच रॅक घेऊ, मिस्त्रीकडून बैठं लांब कपाट करून घेऊ, की तूर्त टीव्ही युनिटमध्येच सगळं एकावर एक ठेवून देऊ, असं त्याने विचारलं आहे. त्याला फोनवर जे सांगितलं तेच इथे सविस्तर लिहितो, कारण हा पेच अनेक घरांत पडतो आणि दुकानात बोलणं रॅकच्या रंगावर आणि काचेवरच संपतं.

आधी ॲम्प्लिफायर कोणत्या जातीचा, म्हणजे ‘क्लास’चा, आहे ते पाहा. घरोघरी असतात ते बहुतेक क्लास एबी. हे नुसते चालू ठेवले, गाणं लावलं नाही, तरी मॉडेलप्रमाणे ३०-४० वॅट वीज घेतात आणि ती सगळी उष्णता होऊन बाहेर पडते. म्हणून तर त्यांच्या झाकणावर जाळी असते. क्लास डी ॲम्प्लिफायर घेतलेल्या विजेतली ९० टक्क्यांपर्यंत वीज स्पीकरला पोचवू शकतो, त्यामुळे तो कोमटच राहतो. तुमच्याकडे क्लास डी असेल आणि टर्नटेबल नसेल, तर पुढचा निम्मा लेख तुमच्यासाठी नाही. कुठलाही भक्कम रॅक घ्या आणि मोकळे व्हा. व्हॉल्व्हचा, म्हणजे जुन्या पद्धतीच्या काचेच्या नळ्यांचा, ॲम्प्लिफायर असेल तर त्याच्यावर काहीही ठेवायचं नाही. चालू असताना व्हॉल्व्हची काच हात भाजेल इतकी तापते.

एकावर एक थर लावण्याची सवय आपल्याकडे ऐंशीच्या दशकातल्या जपानी सिस्टिममुळे आली. सगळ्यांत वर टर्नटेबल, खाली ट्यूनर, ॲम्प्लिफायर, कॅसेट डेक, आणि पुढे काचेचं दार. ते सगळे डबे एकाच कंपनीचे, एकाच रुंदीचे, तसेच बसावेत म्हणून बनवलेले असत. वेगवेगळ्या ठिकाणांहून जमवलेल्या सामानाला तो हिशेब लागू होत नाही. ॲम्प्लिफायरच्या झाकणावर सीडी प्लेअर ठेवला की मध्ये उरते फक्त त्याच्या रबरी पायांएवढी, म्हणजे सेंटीमीटर-दीड सेंटीमीटरची फट. तेवढ्यातून गरम हवा निघत नाही.

मी स्वतः हे भोगलं आहे. ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या आमच्या जुन्या घरी काचेच्या दाराच्या युनिटमध्ये असाच थर होता. जून महिन्यात ॲम्प्लिफायर पाऊण तास वाजायचा आणि गप्प व्हायचा. अर्ध्या तासाने परत सुरू. दोनदा कारागिराकडे नेला, दोन्ही वेळा तिथे तो दिवसभर व्यवस्थित वाजला. त्याच्या बाकावर झाकण उघडं होतं आणि वर काही नव्हतं, हे मला फार उशिरा उमगलं. आतलं उष्णता-संरक्षण आपलं काम चोख करत होतं, बिघाड माझ्या मांडणीत होता.

यंत्र बंद पडतं तेव्हा निदान कळतं तरी. न कळणारं नुकसान कपॅसिटरचं, म्हणजे आतल्या वीज साठवणाऱ्या सुट्या भागांचं, होतं. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचा ढोबळ नियम असा की तापमान १० अंशांनी वाढलं की आयुष्य निम्मं. ८५ अंशांवर २,००० तासांची हमी असलेला कपॅसिटर ४५ अंशांवर राहिला तर या नियमाने ३२,००० तास टिकतो आणि ६५ अंशांवर ८,०००. रोज चार तास ऐकणाऱ्याच्या घरी हा फरक सुमारे २२ वर्षं आणि साडेपाच वर्षं असा पडतो. पुण्यात किंवा नाशकात खोलीच सौम्य असते, त्यामुळे थोडी चूक खपून जाते. ग्वाल्हेरात मे-जूनमध्ये बाहेर पारा ४५ च्या वर जातो, दुपारी वीज गेली की बंद खोली चाळिशीला टेकते. यंत्राला मिळणारी हवाच गरम, मग तिला निघायला वाट जास्त मोकळी हवी. जाळीवर किमान १० ते १५ सेंटीमीटर, मागे चार-पाच बोटं, आणि पाठीमागे फळी नको.

थर लावायचाच असेल तर ॲम्प्लिफायर सगळ्यांत वर. पण खालच्या सीडी प्लेअरचं झाकण पातळ पत्र्याचं असतं आणि दहा-बारा किलोंचा ॲम्प्लिफायर ते दाबतो. त्यामुळे हा मार्ग फक्त हलक्या, न तापणाऱ्या डब्यांसाठी: ट्यूनर (रेडिओ), स्ट्रीमर (इंटरनेटवरून गाणी वाजवणारा डबा), सीडी प्लेअर. टीव्ही युनिटचा पर्याय मी भाच्याच्या यादीतून इथेच खोडला.

उंच रॅकची अडचण वेगळी आहे. वजनाच्या हिशेबाने ॲम्प्लिफायर तळाला हवा, कारण ट्रान्सफॉर्मरमुळे तोच सर्वांत जड, आणि वर ठेवला तर रॅक डोक्याकडे जड होतो. उष्णतेच्या हिशेबाने तो वर हवा. या ओढाताणीत मी वजनाच्या बाजूने कौल देतो: तळाला ॲम्प्लिफायर, त्याचा खण बाकीच्यांपेक्षा उंच, आणि चारही बाजू उघड्या. काचेचं दार असलेला रॅक फुकट मिळाला तरी घेऊ नका. घरात लहान मूल असेल तर रॅकची वरची पट्टी भिंतीला स्क्रूने बांधणं अनिवार्य समजा, कारण चालायला शिकणारं मूल पहिल्या खणाला धरूनच उभं राहतं.

उंच रॅकला एक खरा फायदा आहे आणि तो जागेपेक्षा मोठा आहे. तळाला ॲम्प्लिफायर आणि माथ्यावर टर्नटेबल ठेवलं की दोघांत ६०-७० सेंटीमीटर अंतर आपोआप पडतं. हे अंतर का लागतं ते नीट समजून घ्या. सीडी प्लेअर ॲम्प्लिफायरला साधारण २ व्होल्टचा सिग्नल देतो. टर्नटेबलचं मूव्हिंग मॅग्नेट जातीचं काट्रिज (सुई बसवलेला छोटा भाग, जो तिच्या थरथरीची वीज करतो) देतं सुमारे ५ मिलिव्होल्ट, म्हणजे चारशेपट कमी. मूव्हिंग कॉइल ही दुसरी जात तर त्याच्याही दहाव्या हिश्शावर. इतका क्षीण सिग्नल वाढवताना फोनो विभाग (ॲम्प्लिफायरमधला टर्नटेबलसाठीचा भाग) खालचे स्वर आणखी उचलतो, कारण रेकॉर्ड कापताना ते मुद्दाम दाबलेले असतात. ५० हर्ट्झला ही वाढ मधल्या स्वरांच्या तुलनेत सातपट असते. आणि आपल्या घरातली वीज नेमकी ५० हर्ट्झची. ॲम्प्लिफायरच्या ट्रान्सफॉर्मरभोवतीचं चुंबकीय क्षेत्र काट्रिजपर्यंत पोचलं की ती गुणगुण सातपट मोठी होऊन स्पीकरमधून येते.

सिनेसंगीतात ती झाकली जाते. आमच्या ग्वाल्हेर घराण्याचा बडा ख्याल लावा, आणि सुरुवातीला नुसता तंबोरा चालू असतो तेव्हा ऐका. खर्जाच्या तारेशेजारी एक बेसूर, न हलणारा स्वर चिकटून बसलेला असतो आणि एकदा कानावर आला की ख्याल संपेपर्यंत जात नाही. माझ्या वडिलांची तक्रार होती की रेकॉर्डच खराब आहे. टर्नटेबल दोन फूट सरकवल्यावर रेकॉर्ड निर्मळ निघाली. ते अजून हयात असते तर मी त्यांना परत बसवून ऐकवली असती.

तपासायची रीत सोपी आहे. फोनो निवडा, रेकॉर्ड न लावता आवाज थोडा वाढवा, आणि दुसऱ्या कुणाला टर्नटेबल हातात धरून हळूहळू सरकवायला, फिरवायला सांगा. गुणगुण जिथे विरते ती जागा. मात्र काट्रिजपासून फोनोपर्यंतची तार मीटर-सव्वा मीटरच्या पुढे नेऊ नका. लांब तारेची कपॅसिटन्स, म्हणजे वीज धरून ठेवण्याचा गुण, वरचे स्वर बिघडवते. स्टॅबिलायझरमध्येही ट्रान्सफॉर्मर असतो. तो टर्नटेबलच्या खालच्या खणात लपवण्याची चूक मी तीन घरांत पाहिली आहे.

उंच रॅकचा माथा जितका उंच तितका तो डुलतोही जास्त. आपल्याकडे जमीन दगडी किंवा स्लॅबची असते, त्यामुळे पावलांचा धक्का परदेशातल्या लाकडी जमिनीइतका बसत नाही. पण दार आपटलं किंवा कुणी रॅकला टेकलं की सुई उडते. लष्कर भागातल्या जुन्या वाड्यांत माडीची जमीन लाकडी फळ्यांची असेल तर तिथे उंच रॅकवर टर्नटेबल ठेवूच नका.

बैठ्या लांब कपाटात वर सांगितलेली ओढाताण उरतच नाही. दीड फूट उंच, साडेपाच-सहा फूट लांब. एका टोकाला ॲम्प्लिफायर, त्याच्या डोक्यावर मोकळी हवा. दुसऱ्या टोकाला टर्नटेबल, तेही तीन फूट दूर, आणि वरचं झाकण पूर्ण उघडायला जागा. मध्ये सीडी प्लेअर. खाली एलपी उभ्या लावा. शंभर एलपींचं वजन पंचवीस किलोंच्या घरात जातं, त्यामुळे कपाट जागचं हलत नाही. अट एकच: १९ मिलिमीटर प्लायची फळी दर दोन फुटांवर आधार देऊन घ्या, नाहीतर वर्षभरात मधोमध पोट निघतं. एमडीएफ नको, कूलरचं पाणी आणि रोजचा ओला फडका त्याला फुगवतो. तळ जमिनीपासून चार इंच वर. आणि मोह होईल, पण स्पीकर याच कपाटावर ठेवू नका. त्यांची थरथर फळीतून सुईपर्यंत जाते, सुई ती परत स्पीकरला देते, आणि आवाज वाढवला की घूंघूं सुरू होते.

ग्वाल्हेरकरांना इथे एक खास सोय आहे: आपला वालुकाश्म. ४५ बाय ३८ सेंटीमीटरचा, ३ सेंटीमीटर जाडीचा तुकडा फर्शीवाल्याकडून कापून घ्या. वजन बारा किलोंच्या आसपास भरतं. चार मऊ रबरी तुकड्यांवर हा पाट ठेवा, पाणसळ लावून समतल करा आणि त्यावर टर्नटेबल. जड वस्तू मऊ आधारावर असली की बारीक थरथर तिला सहज हलवू शकत नाही. ग्रॅनाइट टिचकी मारली की खणखणतो, वालुकाश्म जवळजवळ मुका राहतो, म्हणून मला तो बरा वाटतो. ज्यांचं टर्नटेबल आतून स्प्रिंगांवर तरंगतं त्यांनी मात्र हे करू नये, त्याला हलका आणि ताठ आधारच मानवतो.

भिंतीवरची फळी फक्त टर्नटेबलसाठी, आणि भिंत पक्की विटांची असेल तरच. जुन्या वाड्यांतल्या चुन्याच्या गिलाव्यात खुंटी धरत नाही. जयविलास महालात झुंबरं टांगण्याआधी छतावर हत्ती चढवून पाहिले, असं इथे सांगतात. तुम्ही फळीवर पंचवीस किलो पिठाचं पोतं दोन दिवस ठेवून पाहा. कोनाडे सीडी प्लेअरसाठी छान, ॲम्प्लिफायरसाठी भट्टी.

कूलरची हवा सरळ यंत्रांवर येऊ देऊ नका. ओल आणि चंबळची धूळ मिळून आत चिखलाचा थर धरतो. मागच्या मोठ्या फटींवर बारीक जाळी लावा, कारण थंडीत पाल ऊब शोधत आत शिरते आणि सर्किटवर मरते. जाळी ॲम्प्लिफायरच्या बाहेर, रॅकला. त्याच्या झरोक्यांवर नाही.

भाच्याला टर्नटेबल आहे आणि सात फूट भिंत आहे, तेव्हा त्याच्यासाठी बैठं कपाट. भिंत चार फुटांची असती तर उघडा उंच रॅक, भिंतीला बांधलेला. मिस्त्रीला काम देताना पाठीमागे फळी लावायची नाही हे त्याने दोनदा सांगावं आणि कपाट घरी येताना तो स्वतः हजर असावा. मिस्त्री ती फळी सवयीने लावतात आणि वर सनमायकाही चिकटवून मोकळे होतात.