‘अ सायलेंट व्हॉइस’: सात खंड वाचावेत की सिनेमा पाहावा?

‘अ सायलेंट व्हॉइस’ ही सात खंडांची मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा, आणि तिच्यावरून त्याच नावाचा अ‍ॅनिमेशन सिनेमाही निघाला. मावसबहिणीने गेल्या महिन्यात विचारलं, “दादा, दोन्हींपैकी एकच जमणार असेल तर काय करू?” तिचं बारावीचं वर्ष, वेळेची चणचण. तिला फोनवर जे सांगितलं तेच इथे जरा सविस्तर लिहितो. शोया या मुलाने वर्गातल्या बहिऱ्या शोकोला कसं छळलं आणि पुढे वर्ग त्याच्यावरच कसा उलटला, एवढं ठाऊक आहे असं धरून चालतो. शेवटाबद्दलही बोलणार आहे, तेव्हा ज्यांना कोरं राहायचंय त्यांनी इथेच थांबावं.

मी आधी सिनेमा पाहिला, मग मांगा वाचली. सिनेमाबद्दल वाईट बोलणं जड जातं. दिग्दर्शिका यामादा नाओको चेहऱ्यांपेक्षा पावलांकडे, हातांकडे, पाण्यावरच्या तरंगांकडे बघते. मान खाली घालून जगणाऱ्या पोराची गोष्ट सांगायला याहून चांगली नजर मला सुचत नाही. संगीतकार उशिओ केन्सुके याने पियानोच्या आत मायक्रोफोन ठेवून हातोड्यांची खटखट आणि पेडलची कुरकुरसुद्धा टिपली आहे. लॅपटॉपचा स्पीकर बिघडला असं वाटून मी सिनेमा दोनदा थांबवला होता! तेव्हा पाहायचा तर हेडफोन लावूनच पाहा. कुणाच्या नजरेला नजर देता येत नसल्याने शोयाला लोकांच्या चेहऱ्यांवर फुल्या दिसतात. त्या गळून पडतात, तो क्षणही पडद्यावर जास्त भिडतो. कागदावर फुली ती फुलीच राहते.

मग माझं घोडं अडलं कुठे? शोयाच्या टोळक्यातल्या माशिबापाशी.

सिनेमातला माशिबा म्हणजे लग्नाच्या फोटोत मागे उभा असलेला दूरचा पाहुणा. देखणा आहे, टोळक्यात येतो, दोन वाक्यं बोलतो, पुन्हा मागे जातो. पहिल्यांदा पाहताना मला तो खटकलासुद्धा नाही. मांगा वाचल्यावर मात्र वैताग आला, कारण तिथे कळतं की लहानपणी तो स्वतः छळला गेलेला आहे आणि शोयाच्या जवळ येण्यामागे त्याची स्वतःची कारणं आहेत. मैत्रीच्या आडून तो काहीतरी तपासून पाहतोय. १३० मिनिटांत सगळं मावत नाही, हे मान्य. पण कात्री नेमकी मित्रांवर चालली आहे, आणि माझ्या मते ही गोष्ट एकट्या शोयाच्या प्रायश्चित्ताची नाही, त्या सगळ्या बिघडलेल्या टोळक्याची आहे.

पुलावरचं भांडण आठवा. शोया एकेकाला त्याच्या वर्मावर बोट ठेवून सुनावतो आणि सगळ्यांना तोडून टाकतो. सिनेमात तो प्रसंग आहे, नाही असं नाही. पण तिथे ही माणसं आपल्याला अर्धवटच ठाऊक असतात, त्यामुळे शोया फक्त चिडलेला वाटतो. मांगात त्याचा शब्द न् शब्द कुणाला किती लागला ते कळतं.

पुढे बाल्कनीतून पडून तो दवाखान्यात बेशुद्ध असतो. सिनेमा इथून लवकर पुढे सरकतो. मांगाची लेखिका-चित्रकार ओइमा योशितोकी मात्र नायकाला चक्क बाजूला ठेवते आणि एकेक प्रकरण एकेका मित्राच्या हवाली करते. नागात्सुका, साहारा, कावाई, माशिबा, उएनो. शोकोच्या प्रकरणात तर संवादांची अक्षरंच कापलेली आहेत. तिला जेवढं ऐकू येतं तेवढंच वाचकाला वाचता येतं. ती पानं मी तीन वेळा वाचली. ओइमाची आई खाणाखुणांच्या भाषेची दुभाषी होती, हे नंतर कळलं तेव्हा नवल वाटलं नाही.

कावाईचं प्रकरण वाचताना पुस्तक मिटून ठेवावं लागलं. शोयाच्या जुन्या वर्गातली ही मुलगी कुणाला मारत नाही, शिव्या देत नाही, गालात हसते आणि अंगावर आलं की रडून मोकळी होते. आपण चांगल्या आहोत अशी तिची मनापासून खात्री आहे. आमच्या सातवीच्या वर्गात तोतरं बोलणारा एक मुलगा होता. मी त्याची नक्कल कधीच केली नाही. नक्कल करणाऱ्याच्या शेजारच्या बाकावर बसून हसायचो, बस. सिनेमा पाहिल्यावर मी स्वतःला शोया समजलो होतो, आणि त्यात थोडं कौतुकही होतं. मांगाने मला माझी जागा दाखवली.

मांगात रटाळ काही नाही, असं म्हणणार नाही. ही पोरं मिळून एक लघुपट बनवतात, ते चित्रीकरण मधल्या खंडांत चांगलंच रेंगाळतं आणि मी काही पानं नुसती उलटली. सिनेमाने तो धागा काढून टाकला, ते एका अर्थी समजण्यासारखं आहे. पण भांडलेल्या माणसांना पुन्हा जवळ यायला काहीतरी काम लागतं, ते काम हा लघुपट पुरवतो. पुढे स्पर्धेत त्यावर सडकून टीका होते, तेही मला आवडलं. शोकोच्या आईची मागची हकिकतही मांगातच मिळते. मुलीच्या बहिरेपणाचा सगळा दोष सासरच्यांनी तिच्या माथी मारलेला असतो. ते वाचल्यावर तिने शोयाच्या थोबाडीत दिली, त्यामागचं काहीतरी उमगतं.

शेवटाचं म्हणाल तर सिनेमा शाळेच्या जत्रेत संपतो, फुल्या गळतात, डोळे भरून येतात. माझेही आले. मांगा त्यापुढे वीस वर्षांच्या झालेल्या मुलामुलींसाठी जपानमध्ये होणाऱ्या समारंभापर्यंत जाते आणि एका दारापाशी थांबते. दारापलीकडे जुने वर्गमित्र आहेत, ज्यांच्याशी अजून काहीच मिटलेलं नाही. शोकोला छळणाऱ्यांतलीच उएनो तर शेवटपर्यंत गोड होत नाही. (सिनेमातही ती हातवाऱ्यांनी शोकोला चुकीचं ‘बाका’, म्हणजे मूर्ख, म्हणते आणि शोको ते दुरुस्त करते. ही जागा मात्र सिनेमाने फार छान घेतली आहे.)

तेव्हा माझं मत विचाराल तर आधी सात खंड. शनिवार-रविवार असे दोन गेले की होतात. सिनेमा त्यानंतर, म्हणजे मागे उभ्या असलेल्या प्रत्येकाला तुम्ही ओळखत असाल. अर्थात ज्याला संगीताचं वेड आहे, त्याने उलट केलं तरी माझी हरकत नाही.

बहिणीने अर्थातच सिनेमा पाहिला. रात्री साडेबाराला तिचा मेसेज आला. आधी रडण्याच्या सहा इमोजी, मग एक प्रश्न: “दादा, तो देखणा मुलगा नेमका होता कोण?”