तानपुरा डावीकडे का झुकतो: पोर्टेबल ॲम्पचे दहा महिने

‘दोष आढळला नाही’ अशी चिठ्ठी लावून माझा ॲम्प, म्हणजे हेडफोनसाठी फोनचा आवाज वाढवणारी छोटी पेटी, सर्व्हिस सेंटरमधून दुसऱ्यांदा परत आला. ॲम्प ६,५०० रुपयांचा, आणि दोन खेपांचं कुरिअर ७६० रुपये, तेही माझ्याच खिशातून. म्हणून आज सगळं सविस्तर लिहिते आहे.

हेडफोन सेनहायझर एचडी ६००, वापरलेले घेतले. इअरपॅड आणि केबल दोन्ही बदलता येतात, त्यामुळे जुने घ्यायची भीती वाटली नाही. पण त्यांचा इम्पीडन्स, म्हणजे विजेला होणारा अडथळा, ३०० ओम, आणि ३०० ओम म्हटलं की व्होल्ट जास्त लागतात. माझा फोनचा डाँगल, म्हणजे फोनला हेडफोन जोडायचा छोटा तुकडा, जास्तीत जास्त १ व्होल्ट देतो, म्हणजे जेमतेम ३.३ मिलिवॅट. सिनेमाच्या गाण्यांना तेवढं पुरतं, ती मुद्रणातच मोठी करून ठेवलेली असतात. आमच्या अप्पांनी, म्हणजे सासऱ्यांनी, रेडिओवरून टेप केलेल्या मैफली मात्र अगदी हळू भरलेल्या आहेत. आवाज पूर्ण वाढवला तरी आलाप शेजारच्या घरातून आल्यासारखा वाटायचा.

ॲम्प आला तो डिसेंबरात, आमच्या ग्वाल्हेरच्या तानसेन संगीत समारोहाच्या दिवसांत. हाय गेनवर, म्हणजे आवाज जास्त वाढवायच्या सेटिंगवर, तो ३ व्होल्टच्या आसपास देतो. म्हणजे ३० मिलिवॅट, साडेनऊ डेसिबल जास्त. जाहिरातीतले वॅट १६ किंवा ३२ ओमवरचे असतात, आपल्या हेडफोनला किती व्होल्ट मिळणार ते विचारून घ्या. पहिल्याच रात्री ग्वाल्हेर घराण्याचे गायक कृष्णराव शंकर पंडित यांची सपाट तान ऐकली. एकेक सूर सुटा ऐकू आला, आणि मागचा तानपुराही. अप्पांना हेडफोन लावून दिले तर ते अर्धा तास बोललेच नाहीत. तीन महिने मी भेटेल त्याला हीच जोडी घ्यायला सांगत होते.

मग एप्रिल आला. ग्वाल्हेरच्या लश्कर भागातल्या आमच्या वरच्या खोलीत कूलरशिवाय बसणं अशक्य. एचडी ६०० मागून उघडे, त्यामुळे कूलरची घरघर थेट कानात आणि आलाप त्याखाली बुडालेला. म्हणून त्याच ॲम्पला कानात घालायचे १६ ओमचे इअरफोन लावले, आणि तानपुरा डावीकडे झुकला.

टेप मोनो आहे, म्हणजे दोन्ही कानांना एकच आवाज, तेव्हा गायक बरोबर मधोमध हवा. तो डाव्या कानाशी सरकलेला. आधी कानाचीच शंका आली, म्हणून इअरफोन उलटे घातले. झुकाव उजवीकडे गेला, म्हणजे कान ठीक. तेच इअरफोन डाँगलवर लावले तर गायक मधोमध. म्हणजे दोष ॲम्पचाच. सर्व्हिसवाल्यांनी एकच वाक्य धरून ठेवलं, “मॅडम, आम्ही हेडफोनवर तपासलं, दोन्ही बाजू सारख्या आहेत.” कोणता हेडफोन, नॉब कुठे ठेवून, याचं उत्तर दोन्ही वेळा नाही. माझा राग त्या ६,५०० वर नाही, या न ऐकण्यावर आहे.

उत्तर शेवटी घरीच सापडलं. एका नॉबखाली डाव्या-उजव्याचे दोन वेगळे रेझिस्टन्सचे पट्टे असतात, आणि नॉबच्या अगदी सुरुवातीला ते एकमेकांशी नीट जुळत नाहीत. एचडी ६०० ला नॉब घड्याळाच्या बारापर्यंत न्यावा लागतो, तिथे दोन्ही बाजू सारख्या. इअरफोनला मात्र आठवरच आवाज पुरेसा होतो, नेमक्या त्या वाईट जागी. गेन लो केला, फोनचा आवाज १२ डेसिबलने उतरवला, आणि नॉब अकरापर्यंत जाऊ लागला. गायक मध्ये आला. फोनमधून एवढा आवाज उतरवला की बारकाव्याचे दोन बिट जातात, पण डॅक, म्हणजे डिजिटल आकड्यांचा आवाज करणारी चिप, २४ बिटचा असताना या जुन्या टेपांचं त्यात काही बिघडत नाही.

म्हणजे सर्व्हिसवाल्यांची चिठ्ठी अर्धी खरी होती, हे मला मान्य करावं लागतं. पण मग मॅन्युअलमध्ये एक ओळ का नाही? ‘संवेदनशील इअरफोनला लो गेन ठेवा, नॉब अगदी खाली वापरू नका’, एवढंच लिहायचं होतं. माझा उन्हाळा वाचला असता.

एक गोष्ट अजूनही गेलेली नाही. लो गेनवरसुद्धा दोन तानांच्या मधल्या शांततेत इअरफोनमध्ये बारीक सूं ऐकू येतं. एचडी ६०० वर काहीच नाही. ॲम्पचा स्वतःचा, म्हणजे आउटपुट इम्पीडन्स १ ओमच्या आत आहे; इअरफोनचे ओम त्याच्या आठपट तरी असावेत हा हिशोब १६ ओमलाही बसतो, तेव्हा ती अडचण नाही. ही ॲम्पची स्वतःची खरखर आहे आणि फोनचा आवाज उतरवून ती कमी होत नाही. डाँगलवर ती नाही.

तेव्हा सध्याची वाटणी अशी: कूलर चालू असेतो इअरफोन आणि डाँगल, कूलर झाकून ठेवला की एचडी ६०० आणि ॲम्प, हाय गेनवर. ज्यांच्याकडे फक्त कानातले इअरफोन आहेत त्यांनी हा ॲम्प घेऊ नये. अप्पांनी काल विचारलं, “सूनबाई, तो मोठा हेडफोन पुन्हा कधी काढणार?” दिवाळीला, म्हटलं.